साइट दर थोड्या दिवसांनी अडकते, रीस्टार्ट केलं की चालते: वर्कर नेमके कशासाठी थांबलेत ते कसं शोधायचं

लक्षणं साधारण अशी असतात. साइट उघडत नाही, ब्राउझरमध्ये चक्र फिरत राहतं आणि मिनिटभराने ५०४ हा एरर येतो, क्वचित ५०२. घाईघाईने सर्व्हरवर लॉगिन करून टॉप चालवावं तर सीपीयू जवळपास रिकामा, लोड ॲव्हरेज एकच्या आत, मेमरीही शिल्लक. पीएचपी-एफपीएम, म्हणजे पीएचपीचा कोड चालवणारी सेवा, रीस्टार्ट केलं की साइट लगेच पळायला लागते. सगळे सुटकेचा श्वास सोडतात. मग दोन दिवसांनी, कधी आठवड्याने, पुन्हा तेच. काही जण शेवटी दर तासाला रीस्टार्ट करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून मोकळे होतात.

एफपीएमच्या लॉगमध्ये तेव्हा ही ओळ सापडते:

वॉर्निंग: [पूल डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू] सर्व्हर रीच्ड पीएम.मॅक्स_चिल्ड्रन सेटिंग (५), कन्सिडर रेझिंग इट

आणि एनजिनएक्सच्या, म्हणजे त्याच्या पुढे उभ्या वेब सर्व्हरच्या, एरर लॉगमध्ये ही:

अपस्ट्रीम टाइम्ड आउट (११०: कनेक्शन टाइम्ड आउट) व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर फ्रॉम अपस्ट्रीम

पहिली ओळ वाचून बहुतेक जण लॉगचंच ऐकतात आणि वर्करची, म्हणजे पीएचपीची पानं बनवणाऱ्या प्रोसेसची, कमाल मर्यादा ५ ची ५०, ५० ची २०० करतात. काही दिवस बरे जातात. नंतर एकतर साइट तशीच अडकते, फक्त जरा उशिरा. किंवा त्याहून वाईट म्हणजे मायएसक्यूएल हा डेटाबेस अधूनमधून आपोआप बंद पडायला लागतो आणि आता दोन दुखणी होतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. मर्यादा वाढवणं कधी कधी बरोबरही असतं, पण ते ठरवायच्या आधी अडकलेले वर्कर काय करत होते हे कळायला हवं. रीस्टार्ट केला की तेवढाच पुरावा पुसला जातो. म्हणून पुढचं सगळं त्या पुराव्याबद्दल आहे.

वर्कर बिझी असणं आणि काम करत असणं

एनजिनएक्स आणि एफपीएम ही जोडी दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी चालते. एनजिनएक्सची एक वर्कर प्रोसेस हजारो कनेक्शनं सांभाळते, कारण ती कुठल्याच कनेक्शनपाशी थांबून राहत नाही. लिनक्सच्या ईपोलला ती विचारते की कुठल्या सॉकेटवर काही आलंय का, तेवढ्याचं काम उरकते आणि पुढे जाते. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये एनजिनएक्स प्रसिद्ध केला तो याच कारणासाठी: एका यंत्रावर दहा हजार कनेक्शनं कशी पेलायची हा तेव्हाचा गाजलेला प्रश्न होता.

एफपीएम याच्या बरोबर उलट. मास्टर प्रोसेस फोर्क करून, म्हणजे स्वतःच्या नकला काढून, ठराविक वर्कर तयार करते आणि प्रत्येक वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो. ती संपेपर्यंत दुसरीला हात लावत नाही. पीएचपीचा कोड साधा, वरून खाली वाचत जाण्यासारखा लिहिता येतो तो यामुळेच: डेटाबेसला विचारलं, उत्तर येईपर्यंत थांबलो, उत्तर आलं, पुढची ओळ. पण ते थांबणं म्हणजे तो अख्खा वर्कर थांबणं. पीएचपीसोबत येणाऱ्या मूळ कॉन्फिगमध्ये मॅक्स_चिल्ड्रन ५ असतं. म्हणजे एका क्षणी फार तर ५ पीएचपी पानं चालू, सहावी रिक्वेस्ट सॉकेटच्या रांगेत.

एनजिनएक्स मात्र तेव्हाही रिकामाच असतो. चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट तो झटकन देतो, म्हणूनच साइट अडकलेली असताना लोगोची लिंक थेट उघडली तर तो दिसतो. ही सगळ्यात स्वस्त चाचणी. लोगो येतो आणि पान येत नाही, तर नेटवर्क, डीएनएस, होस्टिंगवाला या सगळ्यांना सोडून द्या आणि थेट एफपीएमकडे वळा.

आता सीपीयू रिकामा का दिसतो? वर्कर बाहेरच्या उत्तराची वाट पाहत असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला झोपवून ठेवतो. पीएस कमांडच्या स्टॅट रकान्यात त्याच्यापुढे एस दिसतो. झोपलेल्या प्रोसेस लोड ॲव्हरेजमध्ये मोजल्या जात नाहीत; चालू असलेल्या किंवा चालायला तयार असलेल्या, म्हणजे आर, आणि डिस्कसारख्या कामात न उठवता येण्याजोग्या अडकलेल्या, म्हणजे डी, एवढ्याच मोजल्या जातात. त्यामुळे सगळे वर्कर भरलेले आणि लोड शून्याजवळ ही विसंगती नाही, तो निदानाचा पहिला धागा आहे. वर्कर भरलेत आणि सीपीयूही पेटलाय, तर दोष तुमच्या कोडमध्ये किंवा खऱ्याखुऱ्या गर्दीत. वर्कर भरलेत आणि सीपीयू निवांत, तर ते सगळे कुणाची तरी वाट पाहतायत. आणि डिस्क धडधडतेय, स्वॅप भरलाय, बरेच डी दिसतायत, तर बहुधा वर्कर मेमरीला परवडतात त्यापेक्षा जास्त आहेत.

थोडं गणित

किती वर्कर लागतात याचं गणित सोपं आहे: सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले एका रिक्वेस्टला लागणारे सरासरी सेकंद. रांगांच्या शास्त्रात हा लिटलचा नियम म्हणून ओळखला जातो, १९६१ सालचा आहे.

समजा सेकंदाला १० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागतो. १० गुणिले ०.२, म्हणजे सरासरी २ वर्कर गुंतलेले. मॅक्स_चिल्ड्रन ५ असलं तरी साइट मजेत चालेल आणि महिनोन् महिने कुणाला काही कळणार नाही.

आता त्या दहापैकी एक रिक्वेस्ट एसएमएस पाठवणाऱ्या बाहेरच्या सेवेला बोलावते असं धरा. ती सेवा एरवी अर्ध्या सेकंदात उत्तर देते. एके दिवशी ती सुस्तावली आणि ३० सेकंद घ्यायला लागली. सेकंदाला १ रिक्वेस्ट गुणिले ३० सेकंद, म्हणजे ३० वर्कर नुसते तिच्या दारात उभे. उरलेल्या नऊ रिक्वेस्टचा एसएमएसशी काडीचाही संबंध नाही, त्यांना पाच मिलिसेकंदांचं काम असेल, पण वर्करच शिल्लक नाही म्हणून त्याही लटकतात. ५ वर्कर असते तर ५ सेकंदांत साइट बंद, ३० असते तर अर्ध्या मिनिटात. ती सेवा मिनिटभर घ्यायला लागली तर ६० ही पुरणार नाहीत. आकडा वाढवून तुम्ही फक्त अडकण्याची वेळ पुढे ढकलता.

यात भर घालतो तो रिफ्रेश दाबणारा माणूस. पान येत नाही म्हणून त्याने एफ५ दाबला की एनजिनएक्स आधीची रिक्वेस्ट सोडून देतो आणि ॲक्सेस लॉगमध्ये ४९९ लिहितो. पण पीएचपीला याचा पत्ताच नसतो. समोरचा निघून गेलाय हे त्याला काहीतरी बाहेर पाठवायला गेल्यावरच कळतं, आणि बाहेरच्या सेवेची वाट पाहणारा वर्कर काही पाठवतच नाही. म्हणजे एकाच वैतागलेल्या माणसाने चारदा रिफ्रेश केलं तर पाच वर्कर त्याच्याच नावाने अडकले. मूळ कॉन्फिगवर तेवढ्यात साइट संपली. लॉगमध्ये ४९९ ची रांग लागलेली दिसली तर हा प्रकार ओळखावा.

रीस्टार्ट करायच्या आधी काय टिपून ठेवायचं

साइट बंद असताना फोन वाजत असतात हे मान्य, पण मिनिटभर द्या. हे सगळं एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये घालून ठेवलं तर सेकंदांत होतं आणि रात्री झोपेत असलेल्या माणसालाही चालवता येतं.

आधी एसएस कमांडने ऐकत असलेली सॉकेटं बघा: टीसीपी असेल तर -एलएनटी, युनिक्स सॉकेट असेल तर -एलएक्स. ऐकणाऱ्या सॉकेटपुढे रिसीव्ह-क्यू म्हणजे आत्ता रांगेत ताटकळणारी कनेक्शनं आणि सेंड-क्यू म्हणजे रांगेची कमाल लांबी. रिसीव्ह-क्यू शून्य असेल तर वर्कर मोकळे आहेत, गाडी दुसरीकडेच अडली आहे. ती शून्याच्या वर टिकून असेल तर पूल, म्हणजे वर्करचा संच, भरलाय हे नक्की. युनिक्स सॉकेटची ही रांगही भरली तर एनजिनएक्सच्या लॉगमध्ये ११: रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल असं येतं आणि लोकांना लगेच ५०२ दिसतो. ५०४ म्हणजे वाट पाहून कंटाळलो, ही ५०२ म्हणजे रांगेतसुद्धा जागा नाही. जाता जाता: एफपीएममध्ये रांगेची लांबी कितीही मोठी लिहिली तरी कर्नलची रांगेवरची स्वतःची मर्यादा, सोमॅक्सकॉन, त्याहून लहान असेल तर तेच लागू होतं, आणि कर्नल त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. लिनक्स ५.४ च्या आधी ते १२८ असायचं, नंतर ४०९६ झालं.

मग एफपीएमचं स्टेटस पान. पीएम.स्टेटस_पाथ दिलेलं असेल तर फुल या पर्यायासह ते उघडलं की प्रत्येक वर्करची स्थिती, कुठली युआरआय, कुठली स्क्रिप्ट आणि रिक्वेस्ट किती मायक्रोसेकंद चालू आहे, सगळं मिळतं. यात एक फजिती आहे. हे पान त्याच पूलमधला वर्कर देतो, त्यामुळे पूल भरला की स्टेटस पानही इतरांसारखंच रांगेत बसतं. नेमकं हवं तेव्हा मिळत नाही. पीएचपी ८.० पासून पीएम.स्टेटस_लिसन आलंय, त्याने स्टेटससाठी स्वतंत्र दार उघडतं. ८ वर असाल तर आजच लावून ठेवा.

तिसरं आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे स्लोलॉग. हा मुळात बंद असतो. पूलच्या कॉन्फिगमध्ये स्लोलॉग या नावाने फाइल द्यायची आणि रिक्वेस्ट_स्लोलॉग_टाइमआउट ५ सेकंद ठेवायचा. मग पाच सेकंदांच्या वर गेलेल्या प्रत्येक रिक्वेस्टची मास्टर प्रोसेस झडती घेते आणि ती त्या क्षणी कुठल्या फंक्शनमध्ये, कुठल्या ओळीवर होती ते लिहून ठेवते. नोंद अशी दिसते:

स्क्रिप्ट_फाइलनेम = /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/साइट/फी_भरा.पीएचपी
कर्ल_एक्झेक() /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/साइट/एसएमएस.पीएचपी:४२
एसएमएस_पाठवा() /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/साइट/पावती.पीएचपी:११७
पावती_तयार() /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/साइट/फी_भरा.पीएचपी:६३

खालून वर वाचायचं. फी भरली, पावती तयार करायला घेतली, एसएमएस पाठवायला गेलो आणि कर्लमध्ये, म्हणजे बाहेरच्या सेवेला बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये, थांबलो. वीस नोंदींपैकी अठरा अशाच दिसल्या तर पुढे डोकं चालवायची गरजच उरत नाही. डॉकरमध्ये चालवत असाल तर ही झडती घ्यायला कंटेनरला पीट्रेसची, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसच्या आत डोकावण्याची, परवानगी लागते. ती नसेल तर स्लोलॉग कोरा राहतो आणि माणूस उगाच समजतो की सगळं आलबेल आहे.

स्लोलॉग लावलेला नसेल आणि आग आत्ताच लागली असेल तर एखाद्या वर्करचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घेऊन त्यावर एसट्रेस चालवा; प्रोसेस कर्नलकडे काय मागतेय ते तो दाखवतो. पोल किंवा रिसीव्हफ्रॉम वर थबकलेला दिसला तर नेटवर्कची वाट, एफलॉक वर दिसला तर फाइलच्या कुलपाची वाट. शेवटी मायएसक्यूएलमध्ये शो फुल प्रोसेसलिस्ट चालवून त्याचं उत्तर फाइलमध्ये टाका. आता करा रीस्टार्ट. अर्थात रीस्टार्टने अर्धवट चाललेल्या रिक्वेस्ट तुटतात, पैशांची साइट असेल तर कुणाचे पैसे गेले आणि पावती आली नाही हे नंतर जुळवावं लागतं. रीस्टार्टचा क्रॉन म्हणूनच मला मुळीच पटत नाही.

सापडतं ते बहुधा यापैकी एक

बाहेरच्या सेवेला बोलावणं आणि टाइमआउट न देणं, हा पहिल्या नंबरचा गुन्हेगार. पीएचपीच्या कर्लमध्ये काही सांगितलं नाही तर एकूण वेळेला मर्यादाच नसते, आणि जोडणी होण्यासाठी ३०० सेकंदांपर्यंत थांबलं जातं. फाइल_गेट_कंटेंट्स ने यूआरएल वाचत असाल तर तिथे डिफॉल्ट_सॉकेट_टाइमआउट ६० सेकंद. एनजिनएक्स ६० सेकंदांनी कंटाळून ५०४ देतो, माणूस निघून जातो, वर्कर मात्र तिथेच उभा.

"पण आमचं मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम ३० सेकंद आहे की!" हे हमखास ऐकू येतं. लिनक्सवर हा काटा फक्त पीएचपी स्वतः सीपीयूवर घालवलेला वेळ मोजतो. डेटाबेसची, नेटवर्कची, स्लीपची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. विंडोजवर मात्र घड्याळातला खरा वेळ मोजला जातो. त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर झॅम्पमध्ये तिसाव्या सेकंदाला नीट एरर येतो आणि लाइव्ह सर्व्हरवर तोच कोड पाच मिनिटं गप्प उभा राहतो. लिनक्सवर खरा लगाम म्हणजे एफपीएमचा रिक्वेस्ट_टर्मिनेट_टाइमआउट. तो मुळात शून्य, म्हणजे बंद असतो. तो एनजिनएक्सच्या फास्टसीजीआय_रीड_टाइमआउट पेक्षा थोडा कमी ठेवावा, पण हा शेवटचा उपाय समजा, कारण तो वर्करला कापूनच टाकतो. मोठा एक्सेल रिपोर्ट बनवणारं पान असेल तर त्याचाही बळी जाईल.

खरा उपाय कोडमध्ये. कर्लला जोडणीसाठी २ ते ३ सेकंद आणि एकूण ५ ते १० सेकंद एवढी मुदत द्या. त्याहून चांगलं म्हणजे एसएमएस, ईमेल, पावतीची पीडीएफ ही कामं माणसाच्या रिक्वेस्टमध्ये करूच नका. डेटाबेसमधल्या एका टेबलात ओळ घाला, पान लगेच परत द्या, आणि दर मिनिटाला चालणाऱ्या क्रॉन स्क्रिप्टला ती ओळ उचलू द्या. रेडिस वगैरे नसलं तरी चालतं. एसएमएस चाळीस सेकंदांनी गेला म्हणून कुणाचं काही अडत नाही.

पेमेंट गेटवेचं उत्तर तपासण्यासारखी काही कामं मात्र तिथल्या तिथेच करावी लागतात. त्यांना वेगळा पूल द्या. एफपीएममध्ये दुसरी पूल फाइल, तिचं वेगळं सॉकेट, आणि एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये तेवढ्या पत्त्यासाठी वेगळा लोकेशन. गेटवे झोपला तर त्याचे आठ वर्कर अडकतील, बाकीची साइट चालत राहील. एवढी साधी सोय फार कमी ठिकाणी केलेली दिसते.

दुसरा प्रकार सेशनच्या कुलपाचा, आणि हा ओळखायला मजेदार आहे. तक्रार अशी येते: "माझ्याकडे साइट अडकली, शेजारच्याकडे चालतेय." त्याच माणसाने इनकॉग्निटो उघडलं की त्याच्याकडेही चालते. पीएचपी सेशन फाइलमध्ये ठेवतं तेव्हा सेशन_स्टार्ट ती फाइल कुलूपबंद करतं आणि स्क्रिप्ट संपेपर्यंत कुलूप सोडत नाही. एका टॅबमध्ये रिपोर्ट बनतोय, तेवढ्यात त्याच लॉगिनने दुसरा टॅब उघडला, डॅशबोर्डवरच्या सहा एजॅक्स रिक्वेस्ट निघाल्या. सहाही वर्कर सेशन_स्टार्ट वर थांबले. एका माणसाने सात वर्कर खाल्ले आणि त्यातला एकच काम करतोय. स्लोलॉगमध्ये सगळ्यात वरची ओळ सेशन_स्टार्ट() असेल तर हेच. लॉगिन तपासून झालं की लगेच सेशन_राइट_क्लोज करा. नुसतं वाचायचं असेल तर सेशन_स्टार्ट ला रीड_अँड_क्लोज हा पर्याय देता येतो, पीएचपी ७ पासून.

तिसरा प्रकार डेटाबेसचा. अडकण्याची वेळ ठरलेली असेल, उदाहरणार्थ रोज रात्री बॅकअपच्या वेळी, तर आधी इकडे बघा. मायएसक्यूएलडंप सिंगल-ट्रान्झॅक्शन शिवाय चालवला तर तो टेबलांना कुलूप लावून बसतो आणि त्यात लिहू पाहणारा प्रत्येक वर्कर थांबतो. भरदिवसा कुणी ऑल्टर टेबल चालवला असेल तर प्रोसेसलिस्टमध्ये वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक अशा ओळींची रांग दिसते. या कुलपासाठी थांबण्याची मायएसक्यूएलची मूळ मुदत ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे बरोबर एक वर्ष. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण इंजिनातल्या एकेका ओळीवरच्या कुलपासाठी मात्र ५० सेकंद.

खरोखरची गर्दी हा चौथा प्रकार, आणि तो सगळ्यात दुर्मीळ. निकालाचा दिवस, प्रवेशाची शेवटची तारीख असं काही कारण समोर दिसत असतं. तेव्हा सीपीयू आणि वर्कर दोन्ही भरतात, स्लोलॉगमध्ये एकसारखी ओळ येत नाही. इथे आधी कॅश लावा आणि मगच वर्कर वाढवा.

वाढवायचेच असतील तर किती

मेमरीवरून ठरवा. समजा ४ जीबीचं यंत्र आहे आणि मायएसक्यूएल त्याच यंत्रावर आहे. मायएसक्यूएल, ऑपरेटिंग सिस्टिम, एनजिनएक्स आणि थोडी मोकळीक धरून दीड जीबी बाजूला काढा. उरले अडीच जीबी. एक वर्कर ८० एमबी घेत असेल तर साधारण ३० वर्कर. वर्करची मेमरी मोजताना पीएसमधला आरएसएस (प्रोसेसने धरलेली एकूण मेमरी) हा आकडा जरा फुगलेला असतो, कारण फोर्क झालेल्या सगळ्या प्रोसेस ऑपकॅशसारखा (तयार करून ठेवलेला पीएचपी कोड) बराच भाग वाटून वापरतात आणि आरएसएस तो प्रत्येकाच्या खात्यावर पुन्हा पुन्हा मांडतो. एसमेम नावाचं साधन पीएसएस दाखवतं, त्यात वाटून घेतलेला भाग विभागून धरलेला असतो.

या हिशोबाच्या वर गेलात तर काय होतं? गर्दीच्या वेळी सगळे वर्कर खरोखर जन्माला येतात, मेमरी संपते आणि कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याला मारतो. लहान यंत्रावर तो बहुतेक वेळा मायएसक्यूएल निघतो. मॅक्स_चिल्ड्रन २०० केल्यावर मायएसक्यूएल आपोआप बंद पडतो तो असा. डीमेसेजमध्ये आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस अशी ओळ शोधा. शिवाय मायएसक्यूएलची मॅक्स_कनेक्शन्स मुळात १५१ असतात. सगळ्या पूलचे वर्कर मिळून त्याच्या वर गेले की टू मेनी कनेक्शन्स ही नवी तक्रार सुरू.

वर्कर हळूहळू फुगत जात असतील तर पीएम.मॅक्स_रिक्वेस्ट्स ५०० ठेवा, तेवढ्या रिक्वेस्ट झाल्या की वर्कर बदलला जातो. गळती कोडमध्येच राहते, पण सर्व्हर तगतो.

अपाची असेल तर

मॉड_पीएचपीसोबतचा, म्हणजे पीएचपी स्वतःच्याच आत चालवणारा, अपाची वेब सर्व्हर बहुधा प्रीफोर्कवर चालतो: प्रत्येक कनेक्शनला अख्खी प्रोसेस. लॉगमधली ओळ तीच, फक्त नाव मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स. उबंटू आणि डेबियनवर तो आकडा १५० दिलेला असतो, अपाचीचा स्वतःचा २५६. इथे एक जादा दुखणं असतं. मॉड_स्टेटसच्या पानावर प्रत्येक प्रोसेससाठी एक अक्षर दिसतं: डब्ल्यू म्हणजे उत्तर देण्यात गुंतलेली, के म्हणजे कीप-अलाइव्ह. के म्हणजे पान देऊन झालंय, पण ब्राउझर आणखी काही मागेल म्हणून ती प्रोसेस नुसती बसून आहे. मॉड_पीएचपीचं अख्खं ओझं घेऊन बसून आहे. पान के नी भरलेलं दिसलं तर कीपअलाइव्हटाइमआउट ५ वरून २ करून बघा. पक्का उपाय म्हणजे २०१२ च्या २.४ आवृत्तीपासून स्थिरावलेला इव्हेंट एमपीएम (प्रीफोर्कसारखीच कनेक्शनं वाटण्याची एक पद्धत): त्यात असं निवांत कनेक्शन एक वेगळा थ्रेड सांभाळतो आणि काम करणारे थ्रेड मोकळे राहतात. मात्र मॉड_पीएचपी एरवी ज्या बांधणीत येतं ती थ्रेडमध्ये चालण्याजोगी नसते, त्यामुळे इव्हेंटवर जाताना पीएचपी एफपीएमकडे सोपवावं लागतं. नवं काही उभारत असाल तर मी प्रीफोर्कचा विचारच करणार नाही.

पान आर नी भरलेलं असेल तर अपाची रिक्वेस्ट पूर्ण यायची वाट बघतोय. एकाच पत्त्यावरून असे शेकडो आर असतील तर कुणीतरी मुद्दाम थेंब थेंब हेडर पाठवतंय; मॉड_रेकटाइमआउट चालू आहे का ते बघा.

टॉमकॅट, गुनिकॉर्न वगैरे

जावाचा टॉमकॅट, पायथनचा गुनिकॉर्न अशा थ्रेडवाल्या सर्व्हरमध्येही रोग तोच. थ्रेड एकाच प्रोसेसची मेमरी वाटून घेतात म्हणून ते जास्त संख्येने परवडतात, टॉमकॅटमध्ये मुळातच २०० असतात. पण थांबलेला थ्रेड हा थांबलेला वर्करच. टॉमकॅटमध्ये स्लोलॉगच्या जागी जेस्टॅक, म्हणजे प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर आहे ते दाखवणारं साधन: काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीन वेळा घ्या आणि तिन्हीत एकाच ओळीवर उभे असलेले थ्रेड शोधा. बऱ्याचदा ते डेटाबेस कनेक्शनसाठी ताटकळत असतात, कारण हिकारीसीपी या जावाच्या लायब्ररीच्या डेटाबेस कनेक्शन पूलमध्ये मुळात १० च कनेक्शनं असतात आणि मागायला थ्रेड २००. टॉमकॅटचे थ्रेड ४०० करून तिथे काय होणार?

गुनिकॉर्न काही न सांगता सुरू केला तर एकच सिंक वर्कर देतो, म्हणजे एका वेळी एक माणूस. ३० सेकंद हूं की चूं न करणाऱ्या वर्करला तो मारून नवा उभा करतो आणि लॉगमध्ये वर्कर टाइमआउट लिहितो. त्यामुळे तिथे साइट कायमची लटकत नाही, मध्येच एरर देत राहते, आणि निदान उशिरा होतं. बाहेरच्या सेवांची वाट पाहण्याचं काम जास्त असेल तर जीथ्रेड, म्हणजे अनेक थ्रेडवाला, वर्कर घ्या. वाट पाहताना पायथनचं जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं कुलूप, सुटतं, त्यामुळे दुसरा थ्रेड काम करू शकतो.

दुरुस्ती झाल्यावर स्टेटस पानातले दोन आकडे रोज टिपून ठेवा: मॅक्स चिल्ड्रन रीच्ड आणि मॅक्स ॲक्टिव्ह प्रोसेसेस. दोन्ही एफपीएम सुरू झाल्यापासूनचे असतात आणि रीस्टार्टला शून्यावर येतात, म्हणून कुठलंही अपडेट करायच्या आधी ते फाइलमध्ये उतरवून घ्यायचे. पहिला वाढत असेल तर पुन्हा स्लोलॉग उघडा. दुसरा महिनाभर ८ च्या वर गेलाच नाही आणि तुम्ही मॅक्स_चिल्ड्रन ३० ठेवलेत, तर मायएसक्यूएलला त्यातली थोडी मेमरी द्यायला हरकत नाही.